चेनचं नवं माप

माझी बायको सुनंदा आरोग्यसेविका आहे. लसींचा डबा मोटरसायकलला बांधून ती डोंगरावरच्या पाड्यांवर जाते. चढावर गाडी दमायची, म्हणून तिने मागचं दातेरी चक्र मोठं बसवून घेतलं.

गॅरेजमध्ये आमच्यासमोर मेकॅनिक नवी चेन जुन्या चेनशेजारी ठेवून तेवढीच तोडायला निघाला.

"थांबा दादा," सुनंदा म्हणाली, "चक्र मोठं झालंय, मग जुनं माप कसं पुरेल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. सुनंदाने ओढणी कमरेला बांधली, मागचं चाक थोडं पुढे सरकवायला लावलं, लांब चेन दोन्ही चक्रांवरून फिरवली आणि जिथे टोक जुळलं त्या कडीवर खडूने खूण केली.

"इथे तोडा. पुढे चेन सैल झाली, की चाक मागे ओढायला जागा राहील."

जुन्या चेनपेक्षा दोन कड्या जास्त भरल्या.

माणसं वाढतात, पण घरचे त्यांना जुन्याच मापाने मोजत राहतात. लग्नाच्या वेळी सायकलही न येणारी सुनंदा माझ्या मनात अजून तशीच होती.

मेकॅनिकने चाक फिरवलं. चेन सुरेख धावली. त्याने किल्ली माझ्यापुढे धरली.

"गाडी यांची आहे," मी म्हणालो आणि ऐटीत मागे बसलो.