तुळजाकाकूंच्या घरात पंचवीस

ऊन म्हणजे काय, हे बन्सीला कुणी शिकवायची गरज नव्हती. शिरूर कासारकडचा माणूस, बारा हंगाम ऊसतोडीला गेलेला. पायाखालची माती किती तापलीय त्यावरून किती वाजले ते सांगायचा. फडात वाकलेल्या बायकोच्या, सिंधुबाईच्या, नुसत्या मानेकडं बघून म्हणायचा, "बस गं सावलीला, तुला ऊन लागायलंय." असा माणूस! आणि त्याच्याच हातून हे व्हावं? काय म्हणावं आता!

गेवराईत हायवेला लागून चार मजल्यांची नवी इमारत झाली, तिथं बन्सी वॉचमन म्हणून लागला. सिंधुबाई वरच्या घरांत धुणंभांडी करायची. दोघांचा संसार जिन्याखालच्या खोलीत. इमारतीची मिजास मोठी होती. घरोघर वेगळे एसी नाहीत. गच्चीवर एकच दांडगं मशीन, तेच सोळा घरांना उन्हाळ्यात गार हवा देणार, थंडीत गरम. प्रत्येक घरात एक पांढरी डबी, काडेपेटीपेक्षा जरा मोठी. तिला ना वायर ना काही, आत दोन सेल. घर किती तापलंय ते ही डबी मशीनला कळवायची आणि बन्सीच्या मोबाइललाही. आकडा सव्वीसच्या वर गेला की मशीन त्या घरात हवा सोडायचं, खाली आला की बंद करायचं.

बन्सीला या मोबाइलचं लई कौतुक. खुर्चीत बसून सोळा घरांची नाडी हातात! "दुसऱ्या मजल्यावर सत्तावीस हाय बरं का," असं तो रस्त्यावरच्या भाजीवाल्यालासुद्धा ऐकवायचा. सिंधुबाई चिडवायची, "उद्या मला ताप आला तरी डबीलाच इचारा."

तिसऱ्या मजल्यावर तुळजाबाई राहायच्या. बहात्तर वर्षांच्या, चकलांब्याच्या मोठ्या शेतकरी घरातल्या. सोबत मुलगा अमरसिंह आणि सून धनश्री. बन्सी त्यांना काकू म्हणायचा. घरात गार हवा असली तरी काकूंचा माठ काही सुटला नव्हता. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, तिवईवर, ओलं फडकं गुंडाळलेला. पहिल्याच दिवशी काकूंनी त्यातलं पाणी घरातल्या तांब्यात भरून बन्सीच्या हातात दिलं होतं. गावाकडं बन्सीच्या आजोबांना वरून, ओंजळीत पाणी ओतायचे. त्यामुळं तो तांब्या बन्सीच्या चांगला ध्यानात राहिला होता. या घरासाठी त्याचा जीव जरा जास्तच तुटायचा.

मे महिन्यात अमरसिंह आणि धनश्री दोन दिवसांसाठी लातूरला लग्नाला निघाले. गाडीत बसता बसता अमरसिंह म्हणाला, "बन्सीभाऊ, आई एकटी हाय. लक्ष ठेवा."

"बिनघोर जा, दादा," बन्सीनं मोबाइल वर करून दाखवला. "हितं सगळं दिसतंय मला."

नेमका त्याच संध्याकाळी पुण्याहून मशीनवाल्या इंजिनिअरचा फोन आला. काकूंच्या हॉलमधल्या डबीवर मावळतीचं ऊन येतं, ती खोटंच चाळीस दाखवते, आणि मशीन सगळी हवा त्या एकाच घरात ओतत बसतं. तेव्हा डबी तिथून काढा आणि जिथं उन्हाची झळ पोचत नाही अशा जागी लावा. एवढं सांगून साहेबांनी फोन ठेवला.

बन्सीनं काकूंच्या घरात चौफेर नजर फिरवली. जिथं झळ पोचत नाही अशी जागा घरात कोणती? आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल, माठाची! त्यानं माठामागच्या खिळ्याला डबी अडकवली. डबीची पाठ ओल्या फडक्याला टेकली. मोबाइलवरचा आकडा सरसर उतरला आणि पंचवीसवर थांबला. काम फत्ते झालं म्हणून बन्सी खुशीत खाली आला.

दुसऱ्या दिवशी ऊन नुसतं आग ओकत होतं. एकच्या सुमाराला काकूंचा फोन आला. "बन्सी, लई गरम व्हायलंय रे."

बन्सीनं मोबाइल बघितला. काकूंचं घर, पंचवीस. "न्हाई काकू, मस्त थंड हाय तुमच्याकडं. पंचवीस दाखवायलंय."

"व्हय का?" काकू म्हणाल्या. "मग मलाच काहीतरी होत असंल."

"पडा जरा. बरं वाटंल," बन्सी म्हणाला आणि डब्यातली भाकरी खायला बसला.

दोनला लाईट गेली. मशीन थांबलं. डब्या सेलवर चालतात आणि खालचं नेटचं यंत्र इन्व्हर्टरवर, त्यामुळं आकडे येत राहिले. बन्सी खुर्चीत बसून बघत होता. पहिला मजला तीस. बत्तीस. वरच्या मजल्यावर सुंदरराव मास्तरांकडं पस्तीस. पाऊण तासात सगळी घरं अशी चढत गेली. काकूंचं घर मात्र पंचवीस.

"बघ गं," तो सिंधुबाईला म्हणाला, "काकूंचं घर कसं गारच्या गार."

सिंधुबाई भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "लाईट न्हाई, मशीन बंद. मग तेवढंच गार कावून?"

बन्सी खुर्चीतून ताडकन उठला. गार घर नव्हतं. गार माठ होता. काल संध्याकाळपासून डबी माठाचं तापमान सांगत होती, आणि मशीननं काकूंच्या घरात हवेची एक झुळूकसुद्धा सोडली नव्हती. सगळी दारं-खिडक्या बंद, पश्चिमेची भिंत, आणि आत बहात्तर वर्षांची म्हातारी. "मलाच काहीतरी होत असंल," म्हणाली होती.

लिफ्ट बंद होती. आपल्याकडं ठेवलेली काकूंच्या घराची दुसरी किल्ली घेऊन तो जिना चढायला लागला. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणारा गडी, तीन मजल्यांना दोनदा कठडा धरून थांबला. माय, जिवंत राहा, एवढंच त्याच्या तोंडात होतं.

दार उघडलं तशी आतली हवा तोंडावर आली. काकू पलंगावर होत्या. अंगावर गोधडी! गळ्यापर्यंत ओढलेली, जाडजूड गोधडी. बन्सीला काही उमगेना. त्यानं ती ओढून फेकली. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा एक थेंब नाही. काकू अर्धवट डोळे उघडून कुणातरी आबांना हाका मारत होत्या.

मागून सिंधुबाई पोचली. तिनं खिडक्या उघडल्या. बन्सीनं माठ उचलला आणि सगळाच्या सगळा काकूंच्या अंगावर रिता केला. फडकं सोडून त्यांच्या डोक्यावर ठेवलं. सुंदररावांनी गाडी काढली. दवाखान्याच्या वाटेवर बन्सीच्या खिशात मोबाइल केकाटायला लागला. माठ गेला, फडकं गेलं, आणि डबीला आता कुठं खरं कळलं होतं. काकूंचं घर, एकेचाळीस, ताबडतोब लक्ष द्या. बन्सीनं मोबाइल बंद केला.

डॉक्टरांनी काकूंच्या काखेत बर्फ ठेवला, सलाईन लावलं. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही म्हणाले. अमरसिंह संध्याकाळी पोचला आणि त्यानं बन्सीला मिठीच मारली. "भाऊ, तुमी हुता म्हनून आई हाताला लागली!" डबीचं सांगावं, दुपारच्या फोनचं सांगावं, असं दहादा बन्सीच्या मनात आलं आणि दहादा भीतीनं मनातच राहिलं. नोकरी जाईल याची भीती होतीच. पण काकू शुद्धीवर येऊन काय बोलतील याची त्याहून जास्त होती. आणि आल्याच नाहीत तर? तर ते ऐकण्यापासून आपण सुटू, असा विचार एक क्षण त्याच्या मनात चमकून गेला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

सकाळी काकूंनी डोळे उघडले. बन्सीला ओळखलं. वॉर्डात उकाडा मरणाचा, पंखा नुसता कुरकुरत होता.

"बन्सी," आवाज अगदी बारीक होता, "तू म्हनलास थंड हाय. मला वाटलं, मलाच थंडीताप आलाय. म्हनून गोधडी घेतली."

आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. दारात चहाचे ग्लास घेऊन अमरसिंह उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

काकूंनी बन्सीच्या खिशाकडं बोट केलं. "हितं किती दाखवायलंय रे?"

बन्सीनं मोबाइल काढला नाही. "ते ऱ्हाऊ द्या, काकू. तुमीच सांगा."

"लई गरम व्हायलंय रे."

"व्हय काकू," बन्सी म्हणाला, अमरसिंहाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "कालबी व्हतं. तुमी सांगितलं व्हतं मला." आणि खांद्यावरचा टॉवेल भिजवायला तो नळाकडं गेला.