सुलभाताईंचा दुपारचा वर्ग

शाळेची ईमेल नेहमीसारखीच आली होती, वर स्पॅनिश आणि खाली इंग्रजी. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या मी सवयीने खाली स्क्रोल करणार, तोच वरच्या ओळीत सुलभाताईंचं नाव दिसलं. मुलीच्या अभ्यासाला बसून बसून कानावर पडलेल्या शब्दांमधून कळलं, ताई गेल्या. इंग्रजीपर्यंत जावंच लागलं नाही... त्याला आता सहा आठवडे झाले.

सुलभाताई मूळच्या सांगलीच्या. अमेरिकेत, पार्सिपनीपासून वीस मिनिटांवरच्या एका सरकारी शाळेत त्या शिकवायच्या. तिथे एका वर्गातली मुलं सकाळी सगळं स्पॅनिशमध्ये शिकतात आणि दुपारी इंग्रजीत. दुपारचा वर्ग ताईंचा. माझ्या बायकोने आमच्या ईराचं नाव तिथे घातलं तेव्हा मी वैतागलो होतो. पोरीला आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने उत्तर इंग्रजीत द्यायचं, अशी घरची गत. त्यात आणखी स्पॅनिश कशाला? भरीत भर म्हणजे पहिले दोन महिने ईरा सकाळच्या वर्गात अवाक्षर बोलली नाही. शेवटी नाव काढून घ्यायचा फॉर्म भरून मी ताईंकडे गेलो. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"नाताळपर्यंत थांबा. ती गप्प नाहीये, ऐकतेय. आणि घरातलं मराठी बंद करू नका हं. ती चूक मी केलीय."

त्यांचा मुलगा निखिल लहान असताना, दुसऱ्या राज्यात, कुणा शिक्षिकेने त्यांना बजावलं होतं की घरी फक्त इंग्रजी बोला, नाहीतर मुलगा मागे पडेल. ताईंनी मुकाट्याने ऐकलं. निखिल मागे पडला नाही. पण सांगलीहून आजीचा फोन आला की आजी-नातू नुसते 'हॅलो, हॅलो' करत राहायचे. आजी गेल्यावर तो आईला म्हणाला, "आय नेव्हर रिअली न्यू हर." हे वाक्य ताईंच्या जिव्हारी लागलं. चाळिशीत त्या कॉलेजात गेल्या, शिक्षिका झाल्या, स्पॅनिशही शिकल्या... दुसऱ्या कुठल्या आईला तसा सल्ला मिळाला, तर तिच्या भाषेत 'ऐकू नकोस' म्हणता यावं म्हणून.

मी थांबलो. डिसेंबरात एका संध्याकाळी ईरा ताटाकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, हे अर्रोस. अँड राइस. आपलं काय?"

"भात," मी म्हणालो. 'आपलं' म्हणाली होती ती! त्या दिवशी तिने मिठापासून चमच्यापर्यंत सगळ्याची आपली नावं विचारून घेतली.

पुढे एका वर्षी हा वर्गच बंद करायचं घाटत होतं. ताईंनी पालकसभा बोलावली आणि सरळ स्पॅनिशमध्ये सुरू केली. आम्ही इंग्रजीवाले चुळबुळू लागलो. एकाने हात वर करून विचारलं, इंग्रजीत कधी बोलणार? ताई शांतपणे म्हणाल्या, "दहा मिनिटं थांबा. या स्पॅनिशवाल्या आया दर सभेला दोन तास थांबतात." मग मागच्या रांगेतून मार्ता उठली. तिची मुलगी ईराच्या वर्गात होती, पण तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ती बोलत गेली, ताई इंग्रजीत सांगत गेल्या, "माझी मुलगी दुकानात माझ्याशी आमच्या भाषेत बोलायला लाजायची. आता वर्गातली मुलं तिलाच शब्द विचारतात. हा वर्ग बंद करू नका." सभा संपल्यावर वर्ग चालू ठेवायच्या अर्जावर सह्या करायला आम्हीच रांग लावली. वर्ग टिकला.

गेल्या वर्षी ताईंना कॅन्सर झाला आणि निखिल नोकरी सांभाळून त्यांच्याकडे राहायला आला. सव्वीस वर्षांचा तो मुलगा आईला म्हणाला, मला मराठी शिकव. मी भेटायला जायचो तेव्हा दोघं स्वयंपाकघरात असायचे; ताई खुर्चीत, तो ओट्यापाशी. तो चुकला तरी ताई त्याला कधी अडवत नसत. तेच वाक्य, बरोबर करून, सहज गप्पांच्या ओघात म्हणायच्या आणि पुढे जायच्या. वर्गातही त्यांची हीच रीत होती, म्हणे.

हल्ली निखिल दर रविवारी मला फोन करतो. परवा म्हणाला, "काका, आज मी आईचा भाजी केला."

"अरे वा, आईची भाजी केली?"

पलीकडे तो हसला.

"हो, केली. थोडी खारट झाली."