शुक्रवार, साडेपाच

"काढलेल्या आभाळाला मागाहून हात लावायचा नाही, ते खोटं ठरतं," असं तो लग्नाच्या पहिल्याच वर्षी बोलून गेला होता. बायकोने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

तो हॉस्पिटलात एक्स-रे धुण्याच्या खोलीत कामाला होता. दिवसभर अंधार, एक मिणमिणता लाल दिवा आणि औषधाच्या पाण्यात बुडवलेल्या लोकांच्या फासळ्या. बरोबरचे त्याला 'काळोखे' म्हणत. खरं आडनाव पगाराच्या दिवशीच आठवायचं. पाचला ड्यूटी सुटली की काळोखे हॉस्पिटलच्या गच्चीवर जायचा. तिथून वस्ती संपून नुसतं माळरान दिसायचं. पोस्टकार्डाएवढा प्लायवूडचा तुकडा, तेलरंगाच्या पाच नळ्या, अर्धा तास. खाली बोटभर जमीन, वर सगळं आभाळ. पाठीमागे पेन्सिलीने वार आणि वेळ. संपलं.

घरी फिल्म वाळवायचा एक मोडका स्टँड होता, त्यावर ही चित्रं ओळीने लागायची. तेलरंग वरून सुकल्यासारखा दिसतो, आतून आठआठ दिवस ओला असतो. धुणं काय नि चित्रं काय, वाळवणं तिच्याच गळ्यात.

"लोकांचे नवरे येताना भाजी आणतात. आमच्याकडे ढग येतात," ती म्हणायची.

तिचा धाकटा भाऊ तर तोंडावरच चेष्टा करायचा. "दाजी, एखादं झाड तरी काढा हो. उलटं टांगलं तर कळायचंसुद्धा नाही."

"तुला टांगलं तरी कुठं कळणारेय?" तो म्हणायचा, आणि तिघंही हसायची.

थंडी सरता सरता तिला खोकला लागला. महिनाभर तिने तो अंगावर काढला. शेवटी एका शुक्रवारी सकाळी त्याच्याच हॉस्पिटलात जाऊन छातीचा फोटो काढून आली. तो धुतला त्यानेच. डॉक्टर सोमवारी बघणार होते.

संध्याकाळी तो दारात दिसताच तिने विचारलं, "अहो, काय दिसलं?"

"साफ आहे."

"अगदी?"

"सांगतोय ना, काही नाही," असं म्हणून तो त्या दिवसाचं चित्र घेऊन आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. जेवायला बसला तेव्हा त्याच्या बोटांना निळा रंग होता.

तिच्या जिवात जीव आला. शनिवारी तिने फळीवरचे सगळे डबे घासून काढले. भावाला फोन लावला. "नुसता खोकला रे, उगाच घाबरले मी."

रविवारी दुपारी स्टँडवरची धूळ झटकताना तिने शुक्रवारचं चित्र हातात घेतलं. निळंभोर. ढगाचा एक ठिपका नाही. एवढं निळं त्याने कधीच काढलं नव्हतं. तिने ते उलटून पाहिलं: शुक्रवार, साडेपाच.

साडेपाचला तर अंधारून आलं होतं. दोरीवरचे कपडे अर्धे ओलेच ओढून आणताना तिला उबळ आली होती. हातातली चादर मातीत पडली होती, ती तिने पुन्हा धुतली होती.

तिने अंगठ्याचं नख निळ्यात रोवलं. दुधावरची साय सरकावी तसा रंग सरकला, आणि खालून करडा ढग वर आला.

चहाचा कप घेऊन तो खोलीच्या दारात उभा होता.

"याला मागाहून हात लावलात," ती म्हणाली.

त्याची नजर त्या करड्यावर गेली.

"केवढं आहे?"

तो कपात बघत राहिला.

"डावीकडे की उजवीकडे, तेवढं तरी सांगा. माझीच छाती आहे ना ती?"

त्याने कप खाली ठेवला. टर्पेंटाइनचं फडकं घेतलं आणि तिचा अंगठा पुसला, नखाच्या आतपर्यंत, हळूहळू, करड्याचा मागमूसही उरणार नाही असा. मग फडकं तिच्याच हातात सोडलं, चपला पायात सरकवल्या, आणि तो बाहेर पडला.