बीबीची गोष्ट मी अर्धीच सांगते

नगरच्या किल्ल्यातल्या बीबीची गोष्ट मी नातवंडांना शंभरदा सांगितली असेल. मोगलांनी सुरुंगानं भिंत पाडली, तर ही बुरखा घेऊन, तलवार उपसून खिंडारात उभी राहिली आणि रातोरात भिंत बांधून घेतली. एवढं सांगते आणि थांबते. पुढचं तोंडून निघत नाही. का निघत नाही, ते आज लिहून टाकते.

तेव्हा मी अमरावतीत नवी सून होते. सातासमुद्रापार कुठं लढाई लागली होती म्हणे, आणि इथं कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. शेजारच्या आवारात आम्ही पंधरा-वीस बायका रेच्यावर बसायचो. रेचा म्हणजे एकावर एक बसवलेली दोन लाकडी लाटणीच समजा. कापूस घातला की सरकी अलीकडे, रुई पलीकडे. आमच्यावर देखरेखीला एक मुसलमान विधवा होती. सगळ्या तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायच्या. कापूस वाटून देणं, रुई चोळून पाहणं, रुई उचलणाऱ्या आडत्याशी बोलणं तिच्याकडे. त्यावरच तिची चूल पेटायची. बीबीची गोष्ट तिचीच. आमचे हात चालत राहावेत म्हणून सांगायची.

"शेवटी बीबीनं वऱ्हाड मोगलाले देल्लं अन् नगर वाचवलं."

"म्हंजे आमालेच इकलं का वो खाला, तुमच्या बीबीनं?" एकीनं टोमणा मारला.

"तुले कोन घेते वो इकत? रेचा तं धड फिरवत नाही!"

सगळ्या हसल्या. मग खालानं पुढचं सांगितलं. पुन्हा वेढा पडला, बीबी तहाचं बोलू लागली, तर कुणीतरी ओरडलं, बीबी फितली! आणि तिच्याच माणसांनी तिला तिच्याच महालात मारलं. मी ढसाढसा रडले. "कशी मानसं वो ती!" म्हणाले.

हे मी म्हणाले, बरं का. त्यानंतर आठच दिवसांनी दोरीवर जागा नव्हती म्हणून मी धुतलेलं लुगडं कापसाच्या ढिगावर वाळत टाकलं. ढीग उन्हानं तापलेला, लुगडं घटकाभरात वाळलं. पाणी मात्र कापसात उतरलं. ओली रुई आडत्यानं परत पाठवली. वजनासाठी पाणी मारलं, म्हणाला. बायका कुजबुजल्या, खाला दुसऱ्या आडत्याला मिळाली असेल, याचं नाव खराब करायला. आणि मी, आपलं लुगडं कुणाला आठवू नये म्हणून, बोलून गेले, "त्या दुसऱ्याचा मानूस काल तिच्यासंगं बोलून राह्यला होता. मी पायलं."

पाहिलं होतं, खरंच. त्यानं प्यायला पाणी मागितलं होतं, तेही ऐकलं होतं.

आडत्यासमोर खालानं मला विचारलं, "सूनबाई, तू तं तिथंच होती. सांग ना, काय मांगतलं त्यानं?"

मी मान खाली घालून रेचा फिरवत राहिले.

तिचं काम सुटलं. पातूरला भावाकडे निघाली, तेव्हा माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "लुगडं दोरीवर वाळत टाकत जाय, बेटी." म्हणजे तिला ठाऊक होतं. कुणालाही सांगितलं नाही तिनं.

नातवंडं विचारतात, "आजी, मंग बीबीचं काय झालं?"

"जेवाले चला," मी म्हणते.