वाळूतली सरी

मांजरी गावात आमच्या इमारतीखाली मुलांसाठी वाळूचा हौद आहे. परवा शेजारच्या चिमुरडीने त्यात बाटलीभर पाणी ओतलं आणि बोटाने रेघ ओढत ते पुढे नेऊ लागली. ओल्या वाळूचा वास आला आणि मला रत्नागिरीचा किनारा आठवला.

मी नुकतीच आयटीत लागले होते. कंपनीच्या सहलीला घरचं माणूस आणायची मुभा होती, म्हणून वडिलांना, आप्पांना, घेऊन गेले. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्याच महिन्यात त्यांनी आमचं उसाचं रान बिल्डरला दिलं होतं.

सगळे लाटांत खेळत होते. आप्पा मात्र धोतर खोचून ओल्या वाळूत बसले आणि उसाला काढतात तशा सऱ्या हातांनी काढू लागले. लाट आली की एका सरीचं तोंड उघडायचे, ती भरली की वाळूने बुजवून पुढची उघडायचे.

"तुझे वडील सुट्टीतही ड्यूटीवर का?" टीममधल्या एकाने विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आप्पा, उठा ना! खारं पाणी आहे ते."

"ठावं हाय," ते मान वर न करता म्हणाले. "एक सरी ऱ्हायलीय, तेवढी भरू दे."

मी तणतणत निघून गेले. ती सरी भरली का, ते बघितलंच नाही.

त्याच रानावर आज आमची इमारत आहे. परवा त्या मुलीची आई तिला ओढून नेऊ लागली, तेव्हा मी पटकन म्हणाले, "अहो, थांबा जरा. एक सरी राहिलीय."