रिकामी करंजी

जळगाव, १९९४. मैत्रिणींनो, आज दुपारी करंज्या करताना जे झालं, ते अजून मनात तरंगतंय.

लेक धुळ्याच्या कॉलेजातून दोन दिवसांसाठी जळगावला घरी आलीय. वर्गात तिला पॅपिलोमा विषाणूवर बोलायचंय, म्हणून माझ्यापुढेच सराव करत होती. त्याच्या काही प्रकारांनी गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होतो. माझी अक्का त्यानंच गेली.

“आई, कवचाची प्रथिनं पाच-पाच जमतात. असे बहात्तर गट आपोआप जुळून गोल कवच होतं नि विषाणूचा डीएनए आत बंद होतो.”

“आणि सारण नसलं तर?”

ती हसली. “तरी कवच होतंच, रिकामं. शास्त्रज्ञांना तेच हवंय. त्यानं आजार होत नाही, पण शरीर ते कवच ओळखायला शिकेल. एक ना एक दिवस लस होईल.”

पारी हातातच राहिली. आपण शेजारणीचा डबासुद्धा रिकामा परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो.

आज मात्र एक करंजी सारण न भरताच मुरडली, तळली आणि देवापुढे ठेवली.

“अगं आई, ही तर पोकळ आहे.”

“असू दे. अक्काला उशीर झाला. तुझ्यासाठी मागतेय.”

तुम्ही ठेवला असता का असा नैवेद्य?