घागर घेऊन पळणारी बाई

नवा कॉम्प्युटर आज दुपारी लावला, गेम सुरू केला, आणि पाहते तर डोक्यावर भरली घागर घेतलेली माझी बाई चक्क पळत सुटलेली! नदीवरून घरापर्यंत तिनं सावकाश यावं, वाटेत भेटेल त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, एवढाच माझा गेम. तो मी एकटीच बनवते. जुन्या मशीनवर ती कशी छान डौलात चालायची! चूक माझीच. पडद्यावरचं चित्र बदललं की तिनं एक पाऊल टाकायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. नव्या मशीनवर चित्रं भराभर बदलतात, मग तीही धावणारच. आता तिची चाल पहिल्यापासून बसवायची.

असा संताप आला! काम लवकर व्हावं म्हणून हे धूड घरात आणलं, आणि त्यानं कामच वाढवून ठेवलं. पण खरा राग त्याच्यावर नाहीच. जो तो विचारतो, "अजून झाला नाही?" अहो, सावकाश चालण्याचा गेम आहे, तोही तुम्हाला पळत हवा? ती बाई कशी चालते, हे मात्र एकानंही विचारलेलं नाही.

आई चहा घेऊन आली. पडद्याकडे बघत म्हणाली, "अगं, हिला एवढी कसली घाई? पाणी सांडेल की."

तेवढ्यात दादाचा फोन. "काय गं, झाला का गेम?"

"नाही झाला!" मी ओरडलेच. "बाई पाणी घेऊन येतेय. सांडलं तर तू भरून आणणार आहेस का?"